चाळीस पौंड हवा

कॉम्प्रेसरला हळदकुंकू लावायला शेठनी मला पुढं केलं, कारण वर्कशॉपमध्ये बाई मी एकटीच होते.

“कस्तुराबाई, टाकीला लावा, आणि त्या नव्या मीटरलाही लावा,” प्रणवशेठ म्हणाले. “आजपासून त्याच्याच भरवशावर चालायचंय.”

त्यांच्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हातात पेटलेली उदबत्ती. ती ते मोटरच्या पट्ट्याजवळ खोचायला निघाले, तसे आप्पा पुढं झाले.

“शेठ, तितं थिनरचा डबा हाय. पूजा हुईल झकास, पर परसाद खायाला कोन ऱ्हानार न्हाई.”

सगळे हसले. शेठही हसले, पण जरा उशिरानं. उदबत्ती मुकाट्यानं दाराबाहेर कुंडीत लावली गेली. मग आप्पा हातपाय धुवायला नळावर गेले, शेठ गिऱ्हाइकाला आणायला फाटकाकडं गेले, आणि कुंकवाचं ताट घेऊन मी कॉम्प्रेसरपाशी एकटी उरले. त्या दोन-तीन मिनिटांत जे झालं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बावीस वर्षं झाली ह्याला. बार्शीच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये आमचं लोखंडी कपाटांचं वर्कशॉप होतं. वाकवलेला पत्रा जोडून तयार झाला की तो माझ्याकडं यायचा. मी त्याच्या खाचाखोचा लांबीचा लगदा लावून बुजवायची, पाणी मारून घासायची, पुसून कोरडा करायची आणि आप्पांच्या हवाली करायची. कपाटाचे आतले खण रंगवायला आप्पा कधीकधी मला रंग फवारायची गन द्यायचे. आत चुकलं तर साड्यांच्या घड्यांखाली झाकून जातं. बाहेरचं दार मात्र त्यांचं. तिथं ते दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत.

आप्पा म्हणजे महालिंग आप्पा. साठीला आलेले, बुटके, खांद्यावर कायम पांढराशुभ्र पंचा. रंग मारणाऱ्या माणसाचा पंचा पांढरा कसा राहतो, हे मी एकदा विचारलं होतं. “रंग कपाटाला मारायचा असतोय, अंगाला न्हाई,” म्हणाले. माझ्या पदरावर तेव्हा तीन रंगांचे डाग होते. ते त्याकडं बघूनच बोलले असणार.

गनला हवा किती सोडायची, ह्यावर सगळं काम अवलंबून असतं. हवा जास्त झाली तर रंग पत्र्यावर बसायच्या आधीच सुकतो आणि हाताला भुसभुशीत लागतो. कमी झाली तर जाड थेंब पडतात आणि दारावर संत्र्याच्या सालीसारखा दाणा उठतो. आमच्या टाकीवरचा काटा मी कामाला लागायच्या आधीपासून साठावर अडकून बसला होता. मोटर बंद असली तरी साठ. त्यामुळे आप्पा कानानं हवा लावायचे. गन कानाशी धरून खटका दाबायचा, दुसऱ्या हातानं हवेचा कॉक फिरवायचा आणि मनासारखा आवाज आला की थांबायचं.

मग त्या पूजेच्या दोन वर्षं आधी एके दुपारी टाकीचा व्हॉल्व्ह निसटला आणि अशी शिट्टी सुटली की आम्ही सगळे कान दाबून बाहेर पळालो. आप्पा टाकीच्या शेजारी बसून निवांत गनची जाळी धूत होते. आम्ही का पळतोय, हे त्यांनी मान वर करून पाहिलं, आणि मग तेही पळाले. बाकीच्यांना वाटलं, म्हातारा धीट आहे. मला मात्र कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गन कानाशी धरली, तेव्हा मी घासायचं ओलं फडकं खांद्यावर टाकून समोर उभी राहिले. हवा बरोबर झाल्याचं माझ्या कानांना कळलं तसं मी फडकं खांद्यावरून काढून टेबलावर ठेवलं. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. कॉकवरचा त्यांचा हात थांबला. त्या दिवसापासून तेच सुरू झालं. फडकं खांद्यावर म्हणजे अजून नाही, टेबलावर म्हणजे झालं. ह्यावर आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नाही. पण दोन वर्षं बार्शीतल्या निम्म्या लग्नांतली कपाटं माझ्या कानांवर रंगली. मला त्याची ऐट होती, हेही सांगून टाकते.

मोठे शेठ वारल्यावर प्रणवशेठ कारभार बघायला लागले. माणूस वाईट नव्हता. पण पुण्यात शिकून आला होता आणि कानानं हवा लावणं त्याला अंगारेधुपाऱ्यासारखं वाटायचं. त्यानं सोलापुरातून नवा मीटर आणवला. नळीवर बसवायचा, गोल तबकडी, आत काटा, खाली हवा कमी-जास्त करायची काळी चावी. मीटर बसवला त्याच दिवशी त्यानं आप्पांना सांगितलं, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून नव्हे, तर सगळ्यांनी ऐकावं म्हणून जरा मोठ्यानंच सांगितलं:

“आप्पा, गुरुवारी देशमान्यांचं कपाट आहे. त्यांच्या लेकीचं लग्न रविवारी, म्हणजे दुरुस्तीला वेळ नाही. ते ह्या मीटरवर मारून दाखवा. जमलं तर तुम्ही आहात तोवर गन तुमची. नाही जमलं तर सोमवारपासून मी सोलापूरचा माणूस आणतो. मग तुम्ही आराम करायचा.”

आप्पांनी त्याच्या ओठांकडं बघत सगळं ऐकून घेतलं. “जमंल की,” एवढंच म्हणाले.

आप्पांशी घरी बोलायला कुणी नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा एसटीत कंडक्टर, त्यामुळे सदा बाहेर. सून चांगली, पण सासऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं म्हणून गप्प राहणारी. रविवारी सुट्टी असली तरी आप्पा येऊन शेडच्या पायरीवर बसायचे. हे काम सुटलं तर हा माणूस संपतो, हे मला दिसत होतं. त्या आठवड्यात मला नीट जेवण गेलं नाही.

मीटर बसवायला आलेला माणूस लगबगीत होता. “काटा चाळीस पौंडावर ठेवायचा,” तो शेठला म्हणाला आणि तबकडीवर चाळीसच्या जागी लाल पेनानं रेघ मारली. ते मी घासता घासता ऐकलं आणि मनात घोकून ठेवलं. नंतर जेवणाच्या सुट्टीत तो आणि आप्पा मीटरपाशी उकिडवे बसलेले दिसले. आप्पांना ऐकू येत नाही म्हणून तो माणूस हातवारे करत होता. गनचा खटका दाबायचा, काट्याकडं बोट करायचा. सोडायचा, पुन्हा बोट करायचा. आप्पा मान डोलवत होते. मी लांब होते. मला वाटलं, तो म्हाताऱ्याची गंमत करतोय.

गुरुवारी सकाळी आप्पा माझ्याआधी येऊन बसले होते. दाढी घोटलेली, पंचा धुतलेला. आणि त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा ती गोष्ट तोंडानं काढली.

“कस्तुरे, आता तुजं फडकं बगाया लागनार न्हाई बग.”

“का वो?”

“हे हाय की.” त्यांनी मीटरकडं बोट दाखवलं. “ह्ये डोळ्याला दिसतंय. कानाचं काम मिटलं.” आणि असे हसले की गालांत खड्डे पडले.

खरं सांगायचं तर मला ते लागलं. दोन वर्षं मी उभी राहिले आणि एका तबकडीनं माझं काम मिटलं. त्यात भीतीही होती. ह्यांना आकडे कळतात का? चाळीस कुठं, पन्नास कुठं, हे कुणी ह्यांना सांगितलंय का? मी घासत बसले होते, पण डोळे त्यांच्यावर होते. त्यांनी गन हातात घेतली, चावी फिरवली, पुठ्ठ्यावर एक पट्टा मारून बघितला, तो उजेडात धरून बोटानं चाचपला, मान हलवली, गन खुंटीला अडकवली आणि समाधानानं पूजेच्या तयारीला लागले.

आणि मग मी ताट घेऊन तिथं एकटी उभी राहिले.

टाकीला पाच बोटं ओढली. मोटरला टिकली लावली. मीटरला लावायला वाकले तर काटा पंचावन्नवर.

लाल रेघ चाळीसवर आणि काटा पंधरा पौंड पुढं. म्हाताऱ्यानं घात करून ठेवला होता. हाक मारावी तर त्यांना ऐकू जायचं नाही. नळावर जाऊन खुणा कराव्या तर शेठ गिऱ्हाइकाला घेऊन आत येत होते. त्यांच्यादेखत हे उघडं पडलं असतं. मी कुंकवाच्या बोटांनीच काळी चावी धरली आणि हळूहळू मागं फिरवली. फुस्स करून हवा गेली. काटा खाली येऊन बरोबर लाल रेघेवर थांबला. मी नमस्कार केला आणि बाजूला झाले. मनात म्हणाले, आप्पा, फडकं लागलंच की शेवटी.

नारळ फुटला. देशमाने आपल्या लेकीला घेऊन आले होते. सरस्वती नाव होतं तिचं, अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मोरपंखी रंग तिनंच निवडला होता. त्यावर धूळ लगेच दिसते, असं तिच्या बापानं दोनदा सांगून झालं होतं. ती रंगाच्या डब्याकडं हावऱ्यासारखी बघत उभी होती.

रंगाची खोली वेगळी होती आणि कॉम्प्रेसर तिच्या भिंतीपलीकडं, व्हरांड्यात. मी दारात उभी होते. तिथून मला आप्पा दिसत होते, मीटर दिसत नव्हता. त्यांनी तोंडाला फडकं बांधलं, गन उचलली आणि डाव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यापासून पहिला पट्टा मारला.

आवाज जड होता.

हे मी शपथेवर सांगते. माझ्या कानांनी मला सांगितलं की हवा कमी आहे. दोन वर्षं मी तोच आवाज ऐकत होते, चुकणार कशी? पण मी म्हटलं, नवा मीटर, नवा आवाज असेल. चाळीस म्हणजे चाळीस. छापील आकडा आहे, शिकल्या माणसानं रेघ मारली आहे. मी माझ्या कानांना गप्प केलं.

दुसऱ्या पट्ट्याला आप्पा थबकले. दाराकडं वाकून बघितलं. मग हळूच मान वळवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तोंड बांधलेलं होतं, फक्त डोळे दिसत होते. काही तरी बिनसलंय, हे त्यांना कळत होतं. काय, ते कळत नव्हतं. शेठ माझ्या शेजारी उभे होते. ओलं फडकं माझ्या खांद्यावर होतं.

मी ते काढलं आणि टेबलावर ठेवलं.

आप्पा वळले आणि त्यांनी पूर्ण दार मारलं. मग दुसरं. मग बाजू. माझ्या शब्दावर त्यांनी सगळं कपाट मारलं.

अर्ध्या तासानं शेठनी दिवा जवळ नेला. दोन्ही दारांवर वरपासून खालपर्यंत दाणा उठला होता. मोरपंखी चकाकी कुठंच नव्हती. नवशिक्यानं मारल्यासारखं दिसत होतं. देशमाने म्हणाले, “हे माझ्या व्याह्याच्या दारात न्यायचं?” वाळवून, घासून पुन्हा मारायला चार दिवस लागले असते, आणि ते चार दिवस नव्हते. सरस्वतीनं दाराजवळ तोंड नेऊन बघितलं. मग म्हणाली, “लांबून चांगलं दिसतंय की.” ती बापाची समजूत घालत होती, पण पुन्हा दाराकडं तिनं बघितलं नाही.

आप्पा बाहेर गेले. भिंतीपलीकडं मीटरपाशी एक-दोन मिनिटं थांबले असतील. परत आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. पंचा त्यांनी खांद्यावरून काढून मुठीत गोळा केला होता.

“हवा कुणी लावली होती?” शेठनी विचारलं.

माझा समज असा की म्हाताऱ्यानं बिघडवलं ते मी सुधारलं, आणि तरी ह्यांच्या हातानं घात केला. राग आणि कीव दोन्ही दाटून आलं होतं.

“म्याच,” आप्पा म्हणाले. “म्याच लावली. शेठ, माजे कान गेल्यात. दोन वर्सं झाली. कुनाला बोललो न्हाई.”

दोन वर्षं मी जे झाकलं होतं, ते त्यांनी असं चारचौघांत टाकून दिलं. शेठचाही आवाज खाली आला. “आप्पा, मग आधी सांगायचं ना.”

“चुकलं. आता माजं हितं काम न्हाई.” आप्पांनी गन खुंटीला लावली. “पर सोलापूरचा कशाला आनता? हिला द्या गन. हिचा हात बसलाय.”

“कस्तुराबाईंना? बाईमाणसाला?”

“रंगाला काय कळतंय वो, बाई हाय का बाप्या?”

त्यांनी सायकल काढली. मी फाटकापर्यंत मागं गेले. पंचा अजून मुठीतच होता. बोटांच्या फटीतून लाल काही तरी दिसलं. मला वाटलं, गडबडीत हात कापला असेल. विचारलं नाही.

सोमवारी शेठनी मला गन दिली. मी काटा चाळीसच्या रेघेवर आणला, व्हरांड्यात मीटरशेजारीच पुठ्ठा लावला, खटका दाबला, आणि त्याच वेळी सहज मीटरकडं नजर गेली.

काटा पडला. चाळीसवरून सरळ सत्तावीस-अठ्ठावीसवर. खटका सोडला, पुन्हा चाळीस. दाबला, अठ्ठावीस.

हवा वाहायला लागली की कमी होते. काटा बघायचा तो खटका दाबून. सोडलेल्या खटक्याचं चाळीस खोटं असतं. तो लगबगीतला माणूस आप्पांना हेच दाखवत होता, दाबून आणि सोडून. ऐकू येत नव्हतं त्यानं बघून शिकून घेतलं. मला ऐकू येत होतं, म्हणून मी एक आकडा ऐकला आणि त्यालाच धरून बसले. खटका दाबल्यावर आप्पांचं पंचावन्न बरोबर चाळीस होत होतं. त्यांनी हवा अगदी नेमकी लावली होती.

मी मीटरवर वाकले. टाकीवर पाच बोटं जशीच्या तशी होती. मोटरची टिकली होती. काळी चावी मात्र स्वच्छ होती. माझ्या अंगठ्याचा आणि दोन बोटांचा ठसा तिच्यावर असायला हवा होता. तो कुणीतरी पांढऱ्या पंचानं पुसून घेतला होता.

त्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून खाली बसून राहिले. संध्याकाळी आप्पांच्या घरी गेले. ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. आत त्यांची सून महानंदा भाकरी थापत होती. भाकरी थापायचा आवाज बाहेर येत होता. मला बघून ती म्हणाली, “बसा. पोरगी असल्यागत होता तुमी त्यांना. बघा की, कानापायी कसं घरी बसले.”

मी आप्पांच्या जवळ बसले. खाली मान घालून, एका दमात बोलले. चावी मी फिरवली. तुमचं बरोबर होतं. शेठला उद्या सांगते.

“काय म्हनालीस?” त्यांनी हात कानामागं धरला. “मोठ्यानं बोल, पोरी. आता लाजायचं काय ऱ्हायलं न्हाई.”

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. महानंदा ऐकत होती. शेजारच्या ओट्यावर दोघी बाया तांदूळ निवडत होत्या, त्यांनीही माना वर केल्या. आप्पांना ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं बोलायचं तर ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असतं. मी श्वास घेतला.

“जेवलात का?” मी ओरडले.

“न्हाई अजून,” आप्पा म्हणाले. “तू थांब, जिऊन जा.”

भाकरी पुन्हा सुरू झाली. मी थांबले नाही. पायरी उतरले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. वळून बघितलं. त्यांनी उजवा हात वर केला होता आणि पहिल्या दोन बोटांनी हवेतच खटका दाबत होते. दाबला, सोडला, दाबला.

“आता दाबून बगतीस न्हवं?”

मी मान हलवली.

“मग झालं,” ते म्हणाले आणि पुन्हा भिंतीला टेकले. अंगणातल्या दोरीवर त्यांचा पंचा वाळत होता. एका कोपऱ्याला गुलाबी डाग राहिला होता.

दुसऱ्या दिवशी मी शेठला काही सांगितलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आप्पा दीड वर्ष जगले. एकोणीस वर्षं मी त्या गनवर पोरांची शिक्षणं केली, घर बांधलं. नवीन कुणी शिकायला आलं की मी त्याला पहिल्या दिवशी सांगायची, काटा खटका दाबून बघायचा. हे कुणी शिकवलं, असं विचारलं तर आप्पांचं नाव घ्यायची. बाकीचं सांगायची नाही.